सरकारी रुग्णालयातील रिक्त पदे आणि लांबणाऱ्या तारखा: जाब कोणाला आणि कसा विचारायचा?

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या वडिलांच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेची तारीख तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात तीनदा पुढे गेली. तिन्ही वेळा कारण एकच सांगितले गेले, भूलतज्ज्ञ नाहीत. चौथ्या वेळी आम्ही उसनवारी करून खासगीत गेलो. नंतर माहिती अधिकारात विचारले तेव्हा कळले की भूलतज्ज्ञाचे पद कागदावर भरलेले होते. डॉक्टर प्रतिनियुक्तीवर दुसऱ्या शहरात काम करत होते आणि पगार इथल्या पदावर निघत होता. तेव्हापासून आजूबाजूचे लोक मला असे अर्ज लिहून द्यायला सांगतात आणि अर्जाच्या आधी प्रश्न विचारतात. तेच प्रश्न, माझ्या परीने दिलेल्या उत्तरांसह, इथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः महाराष्ट्रातील आहेत.

"पद रिक्त आहे" याचा नेमका अर्थ काय?

एका रुग्णालयाबद्दल चार आकडे वेगवेगळे असतात आणि सगळा घोळ त्यांची सरमिसळ करण्यात होतो.

पहिला आकडा गरजेचा. सार्वजनिक आरोग्य संस्थांसाठी देशपातळीवर मानके ठरलेली आहेत. सपाट भागात ५ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आदिवासी व डोंगराळ भागात हेच प्रमाण ३ हजार आणि २० हजार. लोकसंख्या कुठली धरायची, हाही प्रश्नच आहे, कारण २०११ नंतरची जनगणना वर्षानुवर्षे लांबत गेली. तुमच्या गावाला लागून उभी राहिलेली नवी वस्ती या हिशेबात नसू शकते.

दुसरा आकडा मंजूर पदांचा. सरकारी भाषेत याला आकृतिबंध म्हणतात. गरज कितीही असो, आकृतिबंधात पद नसेल तर भरती होत नाही. अनेकदा रुग्णालयाची इमारत आधी बांधली जाते, उद्घाटन होते, आणि पदनिर्मितीची फाइल वित्त विभागाकडे फिरत राहते.

तिसरा आकडा भरलेल्या पदांचा. मंत्री सभागृहात सांगतात तो बहुतेक हाच.

चौथा आकडा कोणी सांगत नाही, तो म्हणजे आज प्रत्यक्ष कामावर कितीजण आहेत. प्रतिनियुक्तीवर गेलेले, दीर्घ रजेवर असलेले, पदव्युत्तर शिक्षणाला गेलेले, दोन ठिकाणचा अतिरिक्त कार्यभार सांभाळणारे, हे सगळे भरलेल्या पदांत मोजले जातात. एक वैद्यकीय अधिकारी सोमवार ते बुधवार एका केंद्रात आणि उरलेले दिवस दुसऱ्या केंद्रात बसत असेल, तर दोन्ही गावांना अर्धाच डॉक्टर मिळालेला असतो. जाब विचारायचा तर या चौथ्या आकड्याबद्दल विचारा.

डॉक्टरच यायला तयार नसतील तर सरकार तरी काय करणार?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि बहुधा विचारणाऱ्याला सरकारची बाजू पटलेली असते. तज्ज्ञ डॉक्टरांच्या बाबतीत त्यात तथ्यही आहे. भूलतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ शहरात जे कमावतो, ते सरकारी वेतनात बसत नाही. शिवाय ग्रामीण रुग्णालयाच्या निवासस्थानाचे छत गळते, मुलांची शाळा लांब असते, आणि तज्ज्ञ एकटाच असल्यामुळे चोवीस तास सातही दिवस त्यालाच हाक मारली जाते.

पण रिक्त पदे फक्त तज्ज्ञांची नसतात. आरोग्य सेविका, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, औषधनिर्माण अधिकारी, एक्स-रे तंत्रज्ञ, कक्षसेवक, सफाई कामगार यांचीही असतात. या पदांसाठी जाहिरात निघाली की अर्जांचा पाऊस पडतो. इथे माणसांचा तुटवडा नाही. अडते ती फाइल.

भरतीचा प्रवास पाहा. कार्यालयाने रिक्त पदांची माहिती पाठवायची, बिंदुनामावली (कोणते पद कोणत्या आरक्षणात जाते याची यादी) तपासून घ्यायची, वित्त विभागाची मान्यता मिळवायची, मागणीपत्र द्यायचे, जाहिरात काढायची, परीक्षा, निकाल, कागदपत्र पडताळणी, नेमणूक, रुजू होणे. यातला प्रत्येक टप्पा कुणाच्या तरी टेबलावर असतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या गट क आणि गट ड पदांची परीक्षा झाली. तिचे पेपर फुटले, तपासात खात्यातलेच अधिकारी अडकले आणि पुढे परीक्षा रद्द करावी लागली. त्यानंतर १०,९४९ पदांची जाहिरात निघायला ऑगस्ट २०२३ उजाडला. मधल्या काळात निवृत्त होणारे निवृत्त होतच होते. महासाथीने पिळून निघालेल्या यंत्रणेला हक्काची माणसे मिळायला एवढा उशीर झाला. तो निसर्गाने केलेला नाही.

दुसरी गोष्ट कंत्राटी नेमणुकांची. राष्ट्रीय आरोग्य अभियानात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या परिचारिका, समुदाय आरोग्य अधिकारी, तंत्रज्ञ यांना थोड्या थोड्या मुदतीचे आदेश मिळत राहतात. मानधन उशिरा होते, त्याच कामाला शेजारच्या खुर्चीवरच्या कायम कर्मचाऱ्याला कितीतरी जास्त पगार असतो. हे लोक २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये संपावर गेले. दुसऱ्या वेळी त्यांची मागणी सरकारनेच मार्च २०२४ मध्ये काढलेला समायोजनाचा (कायम सेवेत सामावून घेण्याचा) शासन निर्णय अमलात आणा, अशी होती. संपाच्या दिवसांत रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला राग कर्मचाऱ्यांचा येतो. मला तो राग समजतो, पण संप टाळण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता त्यांना त्या रांगेत उभे राहावे लागले नव्हते.

सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्ष बंधपत्रित सेवा द्यावी लागते. त्यातून केंद्रे चालू राहतात हे खरे, पण वर्षभराने डॉक्टर बदलतो. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दरवर्षी नव्या चेहऱ्यासमोर पहिल्यापासून सगळे सांगावे लागते.

माझ्या दवाखान्याला नेमके जबाबदार कोण?

आरोग्य हा राज्यसूचीतला विषय आहे, म्हणजे अंतिम जबाबदारी राज्य सरकारची. त्याखाली मात्र दवाखान्यांचे मालक वेगवेगळे आहेत. चुकीच्या दारात तक्रार केली की ती महिनोन्‌महिने फिरत राहते, म्हणून हे नीट लक्षात घ्या.

उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असते. तिथे तालुका आरोग्य अधिकारी आणि त्यांच्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी. आरोग्य सेविका जिल्हा परिषदेच्या, पण वैद्यकीय अधिकाऱ्याची नेमणूक राज्य सरकार करते. म्हणून डॉक्टर नाही अशी तक्रार केली की जिल्हा परिषद मंत्रालयाकडे बोट दाखवते.

ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय ही सार्वजनिक आरोग्य विभागाची. जिल्ह्यात त्यांचे प्रमुख जिल्हा शल्य चिकित्सक, लोकांच्या तोंडी "सीएस".

वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय, म्हणजे पुण्याचे ससून, संभाजीनगरची घाटी, नागपूरचे मेडिकल आणि मेयो, मुंबईचे जेजे, हे वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. प्रमुख अधिष्ठाता, मंत्री वेगळे, सचिव वेगळे. जिल्हा रुग्णालयाचे महाविद्यालयात रूपांतर झाले की ते एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे जाते. त्या अदलाबदलीत जुन्या कर्मचाऱ्यांना परत बोलावले जाते आणि नवी पदे भरायची राहून जातात. अशा रुग्णालयाबद्दल विचारताना दोन्ही खात्यांना विचारा.

महापालिकेची रुग्णालये महापालिकेची. मुंबईत केईएम, सायन, नायर, ठाण्यात कळवा. इथे आयुक्तांपर्यंत जावे लागते.

कोणाला पाठवायचे ते कळत नसेल तरी अर्ज अडवून ठेवू नका. माहिती अधिकाराचा अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे कायद्याने बंधनकारक आहे.

आम्ही सिंधुदुर्गातले. आम्हाला बांबोळीला पाठवतात. तिथली रांग कोणाची जबाबदारी?

बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज गोवा सरकारचे आहे आणि दोडामार्ग, सावंतवाडीच्या माणसाला ते मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे. जानेवारी २०१८ पासून गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले तेव्हा सिंधुदुर्गात आंदोलन झाले, आणि महाराष्ट्राला महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून तिथल्या उपचारांची सोय करण्याच्या हालचाली कराव्या लागल्या. पण रुग्णाला सीमा ओलांडून जावे का लागते, याचे उत्तर गोव्याने द्यायचे नाही. ते महाराष्ट्राने द्यायचे. तुमच्या जिल्ह्यातल्या रुग्णालयात कोणत्या तज्ज्ञांची पदे किती काळ रिक्त आहेत आणि वर्षभरात किती रुग्ण पुढे पाठवले, हे विचारा.

उपचारासाठी जास्तीत जास्त किती दिवस थांबायला लावता येते, असा काही नियम आहे का?

नाही. माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोठी त्रुटी हीच आहे.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. दाखला ठरलेल्या दिवसांत मिळाला नाही तर अपील करता येते, अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. आरोग्य खात्याच्या ज्या सेवा त्यात आहेत त्या परवाने, नोंदणी आणि प्रमाणपत्रांच्या. सोनोग्राफी केंद्राच्या मालकाला नोंदणी किती दिवसांत मिळावी हे ठरलेले आहे. सातव्या महिन्यातल्या बाईला सोनोग्राफी किती दिवसांत मिळावी हे ठरलेले नाही.

मर्यादा नाही म्हणून मोजमाप नाही, आणि मोजमाप नाही म्हणून "प्रतीक्षा फार आहे" या तक्रारीला सरकार "तसे आढळून येत नाही" एवढे उत्तर देऊन मोकळे होते. इंग्लंडमध्ये नियोजित उपचार १८ आठवड्यांत सुरू व्हावेत आणि ९२ टक्के रुग्णांच्या बाबतीत हे साधावे, असे मानक आहे. २०१६ नंतर ते तिथे पाळले गेलेले नाही. पण किती लोक किती आठवडे थांबले हे दर महिन्याला प्रसिद्ध होते, त्यामुळे तिथल्या निवडणुकीत त्या आकड्यावर भांडण होते. आपल्याकडे भांडायला आकडाच हाती नसतो.

राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, असा कायदा करणारे ते देशातले पहिले राज्य. महाराष्ट्रात तसा कायदा झालेला नाही.

एक कायदा मात्र आपल्याकडे आहे आणि लोक तो विसरतात. २००५ चा बदल्यांचा आणि दफ्तर दिरंगाईचा कायदा. त्यानुसार एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त काळ फाइल पडून राहता कामा नये, आणि प्रत्येक कार्यालयाने नागरिकांची सनद प्रसिद्ध करायची आहे. रुग्णाची रांग या कायद्याने कमी होत नाही. पण भूलतज्ज्ञाच्या नेमणुकीची फाइल कुठल्या टेबलावर किती दिवस होती, हे विचारायला तो कामाचा आहे.

न्यायालयाने याबद्दल काही म्हटले आहे का?

बरेच काही, आणि स्पष्ट शब्दांत.

१९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडून डोक्याला जबर जखमी झाला. त्याला कोलकात्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवले. शेवटी खासगीत उपचार घ्यावे लागले. तो ज्या शेतमजुरांच्या संघटनेचा सदस्य होता ती सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की गरजेच्या वेळी सरकारी रुग्णालयाने उपचार न देणे हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. राज्याला त्याला २५ हजार रुपये भरपाई द्यावी लागली. कोणी "खाट नाही" म्हणाले की मला हा निकाल आठवतो.

आपल्याकडे ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. त्यानंतर दीड महिन्याने, ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबरला, नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले. त्यात १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि सरकारकडून मागितले काय, तर मंजूर पदे किती, भरलेली किती, औषधखरेदी कशी होते, अंदाजपत्रकात तरतूद किती. सरकारी बाजूने रुग्णांचा ताण, खासगी रुग्णालयांतून शेवटच्या क्षणी पाठवलेले रुग्ण अशी कारणे आली. ताण आहे एवढे सांगून राज्याची जबाबदारी संपत नाही, असे न्यायालयाने सुनावले.

मेळघाटातल्या बालमृत्यूंवरच्या याचिकांमध्येही उच्च न्यायालय वर्षानुवर्षे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञांच्या नेमणुकांबद्दल विचारत आले आहे. न्यायालयाचा रेटा असतो तोवर डॉक्टर पाठवले जातात. पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळीवर आलेले डॉक्टर परत जातात तेव्हा पुन्हा तेच.

ग्राहक आयोगात जाता येईल का?

मोफत सरकारी उपचारांबद्दल सहसा नाही. १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणली, पण जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ती रुग्णालये वगळली. केसपेपरचे नाममात्र शुल्क घेतल्यानेही फरक पडत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तेही बंद झाले. तो निर्णय चांगलाच होता. मात्र दारे उघडल्यावर गर्दी वाढणार हे उघड असताना खिडकीमागची माणसे वाढवली नाहीत, हे चांगले झाले नाही.

समोरच्या डॉक्टरला किंवा सिस्टरला जाब विचारायचा नाही का?

उद्धटपणा, पैशांची मागणी, ड्युटीवर गैरहजर राहणे याचा जाब जरूर विचारा, लेखी विचारा. पण साठ खाटांना दोन सिस्टर असतील तर सलाइन संपल्यावर कोणी आले नाही याचा राग त्या दोघींवर काढून काय मिळणार?

नांदेडच्या मृत्यूंनंतर एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांना शौचालय साफ करायला लावले. जून २०२५ मध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी बांबोळीच्या अपघात विभागातल्या डॉक्टरला कॅमेऱ्यासमोर झापून निलंबनाचा हुकूम सोडला. डॉक्टरांनी आंदोलन केल्यावर निलंबन होणार नाही असे मुख्यमंत्र्यांना सांगावे लागले. दोन्ही चित्रफिती लोकांनी आवडीने पाहिल्या. मला त्या पाहून दुःख झाले. पद मंजूर करणे, भरती काढणे, सफाईचे कंत्राट देणे हे ज्यांच्या हातात असते, तेच लोक त्या कॅमेऱ्यात तक्रारदाराच्या जागी उभे होते.

हाणामारी तर अजिबात नको. २०१० पासून राज्यात त्यासाठी वेगळा कायदा आहे आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते. मार खाल्लेला डॉक्टर बदली मागतो आणि त्या जागेवर दुसरा येत नाही.

माझ्या प्रतीक्षेचा पुरावा मी कसा ठेवू?

केसपेपरवर तारीख असते, वेळ बहुधा नसते. रांगेत लागल्याची, डॉक्टरांसमोर बसल्याची आणि औषध मिळाल्याची वेळ केसपेपरच्या मागे लिहून ठेवा. मोबाइलवर केसपेपरचा फोटो काढला की वेळही नोंदली जाते. वॉर्डातल्या इतर रुग्णांचे फोटो मात्र काढू नका.

तपासणीची किंवा शस्त्रक्रियेची तारीख तोंडी देत असतील तर केसपेपरवर लिहून मागा. तारीख पुढे गेली की नवी तारीख आणि कारण, दोन्ही लिहून मागा. "भूलतज्ज्ञ उपलब्ध नाहीत" हे तीन शब्द डॉक्टरच्या हस्ताक्षरात असले की पुढच्या अर्जाचे अर्धे काम झाले. बहुतेक डॉक्टर ते आनंदाने लिहून देतात, कारण त्यांनाही ते कोणीतरी विचारायला हवे असते.

सर्वांत महत्त्वाची चिठ्ठी रेफरची. ग्रामीण भागातला प्रतीक्षाकाळ बराचसा रुग्णवाहिकेत जातो. बाळंतिणीचे सिझेरियन करायचे तर स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बाळ पाहायला बालरोगतज्ज्ञ आणि रक्त, एवढे एकाच वेळी लागते. यातले एक जरी नसले तरी सगळी साखळी थांबते आणि बाईला तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून घाटीला किंवा मेडिकलला पाठवले जाते. २०१४ पासून १०८ ची गाडी मिळते, ही फार मोठी सोय झाली. पण त्या गाडीने खालच्या रुग्णालयातली रिकामी जागा वरच्या रुग्णालयाच्या जमिनीवर अंथरलेल्या गादीपर्यंत आणून सोडली जाते. म्हणून रेफर चिठ्ठीवर "उच्च उपचारार्थ" एवढेच लिहिले असेल तर कोणते तज्ज्ञ किंवा साधन नाही ते लिहायला सांगा, आणि चिठ्ठी वरच्या रुग्णालयात देण्याआधी तिचा फोटो घ्या.

माहिती अधिकारात नेमके काय मागायचे?

महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज १५० शब्दांचा आणि एकाच विषयाचा हवा. मी वापरतो तो मजकूर देतो. संस्थेचे नाव आणि तारखा बदलून घ्या.

"विषय: ______ रुग्णालयातील पदे व शस्त्रक्रिया. कालावधी: मागील १२ महिने. पुढील अभिलेखांच्या प्रती मिळाव्यात.
१. संवर्गनिहाय मंजूर, भरलेली व रिक्त पदे. प्रत्येक पद रिक्त झाल्याचा दिनांक.
२. प्रतिनियुक्ती, दीर्घ रजा किंवा अतिरिक्त कार्यभारामुळे या संस्थेत कार्यरत नसलेल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांची पदनामे व संबंधित आदेश.
३. रिक्त पदे भरण्यासाठी वरिष्ठ कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार.
४. शस्त्रक्रिया नोंदवहीतील महिनावार संख्या (रुग्णांची नावे वगळून).
५. पुढे पाठवलेल्या रुग्णांची महिनावार संख्या व नोंदलेली कारणे.
६. मागील महिन्याचे ड्युटी रोस्टर."

"का नाही?", "कधी भरणार?" असे प्रश्न अर्जात लिहू नका. कायद्याने कागद मिळतो, मत मिळत नाही. तिसरा मुद्दा कधीही वगळू नका. रुग्णालयाच्या प्रमुखाने वर किती वेळा लिहिले आणि वरून काय उत्तर आले, हे त्या पत्रव्यवहारात दिसते. अनेकदा असे आढळते की इथल्या अधिकाऱ्याने दर महिन्याला पत्र पाठवले आहे आणि वरून एकही ओळ आलेली नाही.

फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. उत्तराची मुदत ३० दिवस. जीविताशी संबंधित माहिती असेल तर ४८ तास, पण ते कलम खरोखर तशी वेळ असेल तेव्हाच वापरा. शिवाय २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहता येतात. प्रती मागण्याआधी एकदा जाऊन बघा, नोंदवहीचे खरे नाव कळते.

उत्तर आलेच नाही तर?

३० दिवसांत पहिले अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. आयोगाकडे सुनावणीला फार वेळ लागतो. पहिल्या अपिलातच बहुतेक माहिती हाती येते, म्हणून ते नीट लिहा.

माहिती मिळाली. आता तिचे काय करायचे?

एकट्याने फाइलमध्ये लावून ठेवायची नाही.

पहिली जागा ग्रामसभा. केंद्रातील रिक्त पदांबद्दल ठराव घ्या आणि त्याची प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवा. दुसरी जागा रुग्ण कल्याण समिती. प्रत्येक सरकारी रुग्णालयात ती असते, तिच्यात लोकप्रतिनिधी असतात, तिच्याकडे थोडा निधीही असतो. शेवटची बैठक कधी झाली आणि इतिवृत्त कुठे आहे, एवढे विचारले तरी खुर्च्या हलतात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथेही कागद देता येतो.

आमदारांकडे जाताना भाषण नको, एका पानावर चार आकडे न्या: गरज, मंजूर, भरलेली, हजर. अधिवेशनाच्या आधी गेलात तर त्यावर तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी होऊ शकते, आणि मग मंत्र्यांना सभागृहात लेखी उत्तर द्यावे लागते. डिसेंबर २०२४ मध्ये कॅगचा (सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा) राज्याच्या आरोग्यसेवेवरचा लेखापरीक्षा अहवाल विधिमंडळासमोर आला, त्यात डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ यांच्या कमतरतेवर बोट ठेवलेले आहे. तुमचा आकडा त्या अहवालाला जोडून दिलात तर एका गावाची कुरकुर म्हणून तो बाजूला ठेवणे अवघड जाते.

आणि जनसुनवाई. २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याच्या साथी संस्थेने राज्यपातळीवर समन्वय केला. गावकऱ्यांनीच दवाखान्याचे गुणपत्रक भरायचे आणि मांडवात अधिकाऱ्यांसमोर बसून अनुभव सांगायचे, अशी ती पद्धत. बंद उपकेंद्रे उघडण्यापासून बाहेरची औषधे लिहून देणे थांबण्यापर्यंत साध्या साध्या गोष्टी त्यातून झाल्या. सरकारच्याच अभियानातून, सरकारच्याच पैशाने सरकारला प्रश्न विचारायची ही सोय होती. तिच्यामागचे बळ पुढे कमी होत गेले, याची मला मनापासून खंत वाटते.

सरकारकडे पैसाच नसेल तर?

राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ चे आहे. राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अंदाजपत्रकाच्या ८ टक्क्यांहून अधिक खर्च आरोग्यावर करावा, असे त्यात लिहिले आहे. महाराष्ट्र त्यापासून लांब आहे, आणि तो देशातल्या श्रीमंत राज्यांपैकी एक आहे. भरलेल्या पदाला पगार लागतो, रिकाम्या पदाला लागत नाही. पद रिक्त राहिले की वर्षाखेर पैसा वाचलेला दिसतो, पण तो खर्च आमच्यासारख्या घरांनी उसनवारी करून खासगीत केलेला असतो.

तक्रार केली तर पुढच्या वेळी उपचार देतील ना?

ही भीती खरी आहे, आणि ज्यांना दुसरा दवाखाना परवडत नाही त्यांनाच ती जास्त वाटते. म्हणून ज्या घरात सध्या रुग्ण दाखल आहे त्या घराच्या नावाने अर्ज करू नका. माहिती अधिकारात कोणत्याही गावचा भारतीय नागरिक कोणत्याही रुग्णालयाबद्दल विचारू शकतो आणि का विचारतो हे सांगायची गरज नसते. आमच्याकडे पाच-सहा जण आलटून पालटून एकमेकांच्या तालुक्यांसाठी अर्ज करतात. ग्रामसभेचा ठराव असेल तर नाव गावाचे असते, एकट्याचे नसते.

माझे वडील आजही त्याच रुग्णालयात बीपी तपासायला जातात. तिथे कोणी त्यांना वाकडा शब्द बोललेले नाही. शस्त्रक्रियेची नोंद कोणत्या वहीत असते आणि प्रतिनियुक्तीचे आदेश कोणत्या फाइलला लावतात, हे मला तिथल्याच एका सिस्टरनी ड्युटी संपल्यावर गेटजवळ थांबून सांगितले होते.